कॅम्प लेजूनचे पाणी, मामांचा दावा आणि मामींचे हक्क

आपण कळवलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. आपले मामा अमेरिकी नौदलात वैद्यकीय अधिकारी होते आणि जून १९७९ ते एप्रिल १९८२ या काळात त्यांची नेमणूक नॉर्थ कॅरोलायना राज्यातील कॅम्प लेजून या मरीन तळावरच्या नौदल रुग्णालयात होती. मामी त्यांच्याबरोबर तळावरच्याच पॅराडाइज पॉइंट वसाहतीत राहत असत. मामांना २०१५ मध्ये मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे निदान झाले आणि २०१८ मध्ये न्यू जर्सीत त्यांचे निधन झाले. आपल्या मामेभावाने जुलै २०२४ मध्ये वडिलांच्या नावे नौदलाकडे नुकसानभरपाईचा दावा दाखल केला. मामी आता पुण्यात आपल्याकडे असतात. त्यांना २०२१ पासून पार्किन्सनचा त्रास आहे, पण त्यांच्या नावे कोणीही काहीही दाखल केलेले नाही. मामांच्या दाव्याचे पुढे काय होणार, मामींना काही मिळू शकते का, आणि ‘दोन हजार डॉलर भरा, मामींची फाइल मुदतीच्या आतल्या तारखेने आत घेऊ’ असे फोनवर सांगणाऱ्या गृहस्थावर विश्वास ठेवावा का, असे आपले तीन प्रश्न आहेत.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात घाई आहे: ठेवू नये. जुन्या तारखेने दावा आत घेण्याची कोणतीही सोय कायद्यात नाही, आणि नौदल किंवा माजी सैनिक खाते दाव्यासाठी एक पैसाही शुल्क घेत नाही. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र एका ओळीत देता येण्यासारखी नाहीत. विषारी द्रव्यांच्या संपर्कातून होणाऱ्या आजारांचे दावे मी वीस वर्षांहून अधिक काळ नॉर्थ कॅरोलायनात चालवत आलो आहे. या तळाच्या प्रकरणात लोक मला आधी आजाराविषयी विचारतात आणि मी त्यांना आधी तारखा विचारतो. इथे कोणाला काय मिळाले आणि कोणाला काहीच मिळाले नाही, याचा निवाडा बहुतेक वेळा आजाराने न होता कालमर्यादेने केला आहे. आपल्या घरातल्या दोन प्रकरणांतही तेच दिसते.

आधी पाण्याविषयी. तळावर अनेक कूपनलिकांचे पाणी एका शुद्धीकरण केंद्रात एकत्र करून नळाला सोडले जाई. यांपैकी दोन केंद्रांचे पाणी दीर्घकाळ दूषित होते. टरावा टेरेस या सैनिकी कुटुंबांच्या वसाहतीजवळ, तळाच्या हद्दीबाहेर, एक ड्राय क्लीनिंगचे दुकान होते. कपडे धुण्यासाठी तिथे वापरला जाणारा परक्लोरोएथिलीन हा द्रावक जमिनीत मुरत राहिला आणि वसाहतीच्या कूपनलिकांत उतरला. दुसरीकडे, हॅडनॉट पॉइंट या तळाच्या मुख्य औद्योगिक भागात यंत्रांचे वंगण काढण्यासाठी वापरला जाणारा ट्रायक्लोरोएथिलीन आणि गळक्या इंधन टाक्यांमधले बेंझीन पाण्यात मिसळले. हे द्रावक जमिनीत विघटित होताना व्हिनाइल क्लोराइड तयार होते, तेही पाण्यात सापडले. हॅडनॉट पॉइंटच्या नळाच्या पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीनचे आजवर नोंदले गेलेले सर्वांत मोठे प्रमाण मे १९८२ मधले आहे: एक अब्ज भागांत १,४०० भाग. आजची अमेरिकेतली कमाल मर्यादा ५ भागांची आहे. मामांची बदली त्याच्या आदल्याच महिन्यात झाली, हे आपल्या लक्षात आले असेल. हे प्रमाण रोज सारखे मात्र नव्हते. कूपनलिका आळीपाळीने चालवल्या जात, त्यामुळे दूषित कूपनलिका ज्या दिवशी चालू असे त्या दिवशी प्रमाण वाढे आणि ती बंद असेल तेव्हा खाली येई.

आता आपल्या प्रकरणातली एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. मामांच्या घराला, म्हणजे पॅराडाइज पॉइंटला, १९७२ नंतर होल्कम बुलेव्हार्ड या वेगळ्या केंद्राचे पाणी येत होते आणि ते एरवी बरेच स्वच्छ होते. कोरड्या उन्हाळ्यात मागणी वाढली की हॅडनॉट पॉइंटचे पाणी त्यात अधूनमधून सोडले जाई, एवढेच. रुग्णालय मात्र तेव्हा हॅडनॉट पॉइंटमध्येच होते. नव्या जागी ते १९८३ मध्ये गेले. म्हणजे मामा घरी जे पाणी प्यायले त्यापेक्षा कामावर जे प्यायले, ज्याने त्यांनी दिवसातून वीस वेळा हात धुतले, ते अधिक दूषित होते. मामेभावाच्या दाव्यात केवळ घरचा पत्ता लिहिलेला असेल, तर त्याने नौदलाला लेखी कळवून रुग्णालयातील नेमणुकीचा कालावधी आणि इमारत त्यात जोडून घ्यावी. (मरीन दलाला स्वतःचे वैद्यकीय पथक नसते, त्यांचे डॉक्टर नौदलाचे असतात, म्हणून नौदलातला डॉक्टर मरीन तळावर कसा, हा प्रश्न कोणी विचारला तर गोंधळून जाऊ नये.)

तळावरच्या पाण्याची तपासणी १९८० पासून सुरू होती. तपासायची होती दुसरीच द्रव्ये, क्लोरीनमुळे तयार होणारी. पण चाचण्यांमध्ये काहीतरी वेगळेच अडथळा आणते आहे असे दिसू लागले, आणि १९८१ च्या आरंभी तपासनीसाने अहवालाच्या कागदावर हाताने लिहून ठेवले की पाणी क्लोरीनयुक्त द्रावकांनी अतिशय दूषित झालेले आहे. तरीही सर्वाधिक दूषित कूपनलिका बंद व्हायला १९८४ चा शेवट आणि १९८५ चा फेब्रुवारी उजाडला. नौदलाचा बचाव असा असतो की या द्रव्यांची कायदेशीर मर्यादा तेव्हा ठरलेलीच नव्हती. ते तांत्रिकदृष्ट्या खरे आहे. पण समोर तसा कागद आल्यावर चार वर्षे थांबण्याचे समर्थन त्याने होते असे मला वाटत नाही.

आता आपल्याला साहजिकच पडणारा प्रश्न, म्हणजे १९८२ मधल्या पाण्याबद्दल २०२२ मध्ये नवा कायदा होईपर्यंत लोक गप्प का होते. ते गप्प नव्हते. जेरी एन्समिंगर हे निवृत्त मास्टर सार्जंट १९९७ पासून यासाठी झगडत आहेत. त्यांची मुलगी जेनी १९८५ मध्ये, नऊ वर्षांची असताना, रक्ताच्या कर्करोगाने गेली. कोर्टाची दारे मात्र तीन कड्यांनी बंद होती. सैनिकाला सेवेच्या ओघात झालेल्या इजेबद्दल सरकारवर दावा लावता येत नाही, असा १९५० चा सर्वोच्च न्यायालयाचा फेरेस निवाडा आहे. त्यामुळे मामांसारख्यांची वाट सुरुवातीलाच अडली. धोरणात्मक निर्णयाबद्दल सरकारला जबाबदार धरता येत नाही, ही दुसरी कडी. तिसरी कडी नॉर्थ कॅरोलायनाच्या राज्य कायद्याची, आणि कुटुंबीयांचे सर्वांत मोठे नुकसान तिनेच केले.

या तिसऱ्या कडीविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण भारतातल्या वाचकाला ती चटकन पटत नाही. आपल्याकडच्या १९६३ च्या मुदत कायद्यानुसार प्रतिवादीने फसवणूक करून वादीचा हक्क लपवला असेल, तर ती फसवणूक उघडकीस येईपर्यंत मुदत मोजायला सुरुवातच होत नाही. माणसाला ठाऊकच नसलेल्या गोष्टीसाठी त्याला उशिराचा दोष द्यायचा नाही, असे त्यामागचे साधे न्यायतत्त्व आहे. नॉर्थ कॅरोलायनात मुदतीबरोबरच आणखी एक निराळी मर्यादा होती. प्रतिवादीच्या शेवटच्या कृतीपासून दहा वर्षे झाली की दावा करण्याचा हक्कच संपतो, मग आजार झालेला असो वा नसो, त्याचे कारण कळलेले असो वा नसो. दूषित पुरवठ्याचा काळ डिसेंबर १९८७ पर्यंतचा धरला, तरी दहा वर्षे भरतात १९९७ च्या डिसेंबरला. त्याच १९९७ मध्ये विषारी द्रव्यांची नोंद ठेवणाऱ्या संघराज्याच्या आरोग्य संस्थेने आपल्या अहवालात प्रौढांना कर्करोगाचा धोका फारसा नाही असे लिहिले होते. त्यात बेंझीनचा हिशेबच राहून गेल्यामुळे तो अहवाल २००९ मध्ये मागे घेतला गेला. आणि तळावर राहून गेलेल्या माणसांना पत्राने कळवण्याची सक्ती मरीन दलावर काँग्रेसने केली ती २००८ मध्ये. म्हणजे ज्या पत्राने लोकांना पहिल्यांदा कळले, ते पत्र त्यांचा हक्क मेल्यावर दहा वर्षांनी पोचले. मूत्रपिंडाच्या कर्करोगाला किंवा पार्किन्सनला दिसू लागायलाच दोन-तीन दशके लागतात, ही गोष्ट तर वेगळीच.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, नॉर्थ कॅरोलायनातल्याच दुसऱ्या एका जलप्रदूषणाच्या खटल्यात, ही दहा वर्षांची मर्यादा संघराज्याच्या पर्यावरण कायद्यामुळे शिथिल होत नाही असे ठरवले. राज्याच्या विधिमंडळाने लगेच काही आठवड्यांत भूजल प्रदूषणाचे दावे या मर्यादेतून वगळणारा कायदा केला, पण अपील न्यायालयाने तो मागील काळास लागू धरला नाही. अटलांटा येथे एकत्र केलेले कॅम्प लेजूनचे सगळे खटले डिसेंबर २०१६ मध्ये फेटाळले गेले आणि जानेवारी २०१९ मध्ये नौदलाने तुंबलेले सुमारे ४,४०० प्रशासकीय दावे एकगठ्ठा नाकारले.

म्हणून १० ऑगस्ट २०२२ रोजी स्वाक्षरी झालेला कॅम्प लेजून न्याय कायदा वेगळा आहे. माजी सैनिकांच्या विषबाधेविषयीच्या मोठ्या कायद्याचे ते एक कलम आहे. १ ऑगस्ट १९५३ ते ३१ डिसेंबर १९८७ या काळात एकूण किमान ३० दिवस तळावर राहिलेली, काम केलेली किंवा अन्य प्रकारे त्या पाण्याच्या संपर्कात आलेली कोणतीही व्यक्ती, आईच्या पोटात असलेले मूलसुद्धा, किंवा मृत व्यक्तीचा कायदेशीर प्रतिनिधी, त्याखाली दावा करू शकतो. वर सांगितलेल्या तिन्ही कड्या या कायद्याने काढल्या. पुराव्याची कसोटीही हलकी केली. एरवी दिवाणी दाव्यात आपली बाजू निम्म्याहून अधिक शक्य आहे हे दाखवावे लागते. इथे आजार पाण्यामुळे होण्याची शक्यता निदान न होण्याइतकीच आहे, एवढे दाखवले तरी पुरते. दोन्ही पारडी समतोल राहिली तर वादी जिंकतो. ज्युरी मात्र नाही. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व जिल्ह्याच्या संघ न्यायालयाखेरीज दुसरीकडे खटला चालत नाही, आणि त्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये निकाल न्यायाधीशच देतील असे ठरवले. त्याच वर्षी जूनमध्ये न्यायालयाने हेही स्पष्ट केले की ते द्रव्य हा आजार करू शकते हे आणि या व्यक्तीला तो त्यानेच झाला हे, असे दोन्ही टप्पे वादीने सिद्ध केले पाहिजेत.

या उदार कायद्यालाही दोन कुलपे आहेत. दावा कायदा झाल्यापासून दोन वर्षांत, म्हणजे १० ऑगस्ट २०२४ पर्यंत नौदलाकडे गेला पाहिजे होता. आणि कायदा होण्यापूर्वी उद्भवलेल्या दाव्यांनाच तो लागू आहे. ज्याला कारणासह आजार कळलाच २०२३ मध्ये, त्याला या कायद्याचा उपयोग नाही. त्याच्यासाठी ती जुनी कडी अजून तशीच लागलेली आहे. मुदतीपर्यंत नौदलाकडे चार लाखांहून अधिक दावे आले.

मामांचा दावा मुदतीत आहे. तो दाखल होऊन सहा महिने उलटल्यावर, म्हणजे जानेवारी २०२५ नंतर, नौदलाने उत्तर दिलेले नसले तरी तो नाकारला गेला असे मानून न्यायालयात जाण्याचा पर्याय मामेभावाला खुला झाला आहे. घाई करावी असे मी म्हणणार नाही, पण एका पत्रावर डोळा ठेवावा. नौदलाने दावा लेखी नाकारला तर त्या तारखेपासून १८० दिवसांत खटला दाखल करावा लागतो. गेल्या दोन वर्षांत घर बदललेल्या एका कुटुंबाचे असे पत्र जुन्या पत्त्यावर तीन महिने पडून राहिलेले मी पाहिले आहे. मामेभावाचा सध्याचा पत्ता नौदलाच्या दावा कक्षाकडे नोंदवलेला आहे ना, हे त्याने या आठवड्यातच पाहावे.

खटल्याखेरीज दुसरी वाट तडजोडीची आहे. न्याय विभाग आणि नौदलाने सप्टेंबर २०२३ मध्ये ठरावीक आजारांसाठी ठरावीक रकमांची योजना जाहीर केली. मूत्रपिंड, यकृत, मूत्राशय यांचे कर्करोग, नॉन-हॉजकिन लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) आणि रक्ताचा कर्करोग हे तिच्या पहिल्या गटात येतात. पहिल्या गटात तळावरचा काळ एक वर्षाहून कमी असेल तर दीड लाख, एक ते पाच वर्षे असेल तर तीन लाख आणि त्याहून अधिक असेल तर साडेचार लाख डॉलर मिळतात. त्या आजाराने मृत्यू झाला असल्यास आणखी एक लाख. निदान पहिल्या संपर्कानंतर किमान दोन आणि शेवटच्या संपर्कानंतर जास्तीत जास्त पस्तीस वर्षांत झालेले असावे लागते. मामांचा काळ तीन वर्षांना थोडा कमी आणि निदान तळ सोडल्यापासून तेहेतिसाव्या वर्षी. म्हणजे कागद नीट असतील तर चार लाख डॉलर. प्रस्ताव आल्यावर उत्तर द्यायला साठ दिवस असतात, आणि तो स्वीकारला की खटल्याचा हक्क सुटतो.

खटला लढवला तर याहून जास्त मिळू शकेल का? मिळू शकेल. ट्रायक्लोरोएथिलीन आणि मूत्रपिंडाचा कर्करोग हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत पक्का दुवा आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये या द्रावकाला मानवी कर्करोगकारक ठरवले ते प्रामुख्याने मूत्रपिंडाच्याच पुराव्यावर. पण मामा धूम्रपान करत होते का, रक्तदाब किती होता, वजन किती होते, हे सगळे सरकारी वकील दुसऱ्या टप्प्यावर काढतील, आणि त्यात वर्षे जातील. शिवाय न्यायालयाने दिलेल्या रकमेतून माजी सैनिक खाते आणि मेडिकेअर, मेडिकेड या सरकारी आरोग्य योजना यांनी त्याच आजारासाठी केलेला खर्च वजा होतो, आणि दंडात्मक भरपाई मिळतच नाही. मामी ऐंशीच्या घरात आहेत. वारस म्हणून पैसा ज्यांच्या उपयोगी पडायचा त्यांचे वय पाहता, ठरावीक रकमेचा प्रस्ताव आला तर तो घ्यावा, असे माझे मत आहे.

त्यासाठी एक अडसर आधीच दूर करा. मृताच्या वतीने तडजोड करायला मामेभाऊ मुलगा आहे एवढे पुरत नाही. न्यू जर्सीच्या वारसा न्यायालयाने त्याला मामांच्या मालमत्तेचा प्रशासक किंवा मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमल्याचे पत्र लागते. मामींनी पुण्याच्या न्यायालयातून घेतलेला वारसदाखला इथे उपयोगाचा नाही. वकिलाच्या शुल्काबाबत न्याय विभागाची भूमिका अशी आहे की प्रशासकीय टप्प्यावर रकमेच्या वीस टक्क्यांहून आणि खटल्यात पंचवीस टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. मामेभावाने सही केलेल्या वकीलपत्रात चाळीस टक्के लिहिलेले असेल, तर तो कागद मला दाखवा.

आता मामी. त्यांचा स्वतःचा पार्किन्सनचा दावा न्याय कायद्याखाली १० ऑगस्ट २०२४ रोजी बंद झाला. मामांचा दावा दुरुस्त करून त्यात मामींचा आजार घालता येत नाही. प्रत्येक व्यक्तीचा दावा स्वतंत्र आहे. मला याचे वाईट वाटते, कारण त्यांचे निदान कायद्यापूर्वीचे होते आणि विज्ञानही त्यांच्या बाजूने झुकले होते: कॅम्प लेजून आणि कॅलिफोर्नियातला कॅम्प पेंडल्टन यांमधल्या माजी सैनिकांची तुलना करणाऱ्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पार्किन्सनचा धोका लेजूनच्या सैनिकांत सुमारे ७० टक्के अधिक आढळला होता. पण मुदत संपली, ती संपली, आणि फोनवरचे गृहस्थ नेमके याच हळहळीवर धंदा करतात.

आपण विचारलेले नाही, पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते आता सांगतो. मामींचा दुसरा हक्क जिवंत आहे आणि त्याकडे घरातल्या कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. मार्च २०१७ पासून लागू असलेल्या माजी सैनिक खात्याच्या नियमानुसार, वर सांगितलेल्या काळात ३० दिवस लेजूनवर सेवा केलेल्या सैनिकाला आठ आजारांपैकी एखादा झाला तर तो सेवेमुळेच झाला असे गृहीत धरले जाते. मूत्रपिंडाचा कर्करोग त्या आठांत आहे. कार्यकारणसंबंध सिद्ध करावा लागत नाही. भारतातल्या सैनिकी कुटुंबांना ही कल्पना परकी नाही. भरती होताना नोंदवला न गेलेला आजार सेवेत जडला तर तो सेवेमुळेच जडला असे मानावे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या धरमवीर सिंग निकालात अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी सांगितलेच आहे. अशा आजाराने वारलेल्या सैनिकाच्या विधवेला अमेरिकेत दरमहा निर्वाहभत्ता मिळतो. २०२५ मध्ये त्याचा मूळ दर सुमारे १,६५० डॉलर होता. मामांनी हयातीत या खात्याकडे कधी अर्ज केला नव्हता, यामुळे काही बिघडत नाही. मामी पुण्यात राहतात, यामुळेही नाही. त्यांनी पुनर्विवाह केलेला नाही, हे पुरेसे आहे.

या भत्त्याला अर्जाची शेवटची तारीख नाही. पण मृत्यूनंतर एका वर्षाच्या आत अर्ज केला असता तर तो मृत्यूच्या महिन्यापासून मिळाला असता; आता तो अर्ज पोचल्याच्या तारखेपासूनच मिळेल. मामींचे सहा-सात वर्षांचे पैसे असे गेले आहेत आणि दर महिन्याच्या उशिराला आणखी एका महिन्याचा भत्ता जातो. म्हणून आधी ‘अर्ज करण्याचा इरादा’ कळवणारा २१-०९६६ क्रमांकाचा एक पानी नमुना पाठवून द्या. तो पोचला की तारीख धरली जाते आणि पूर्ण अर्ज, म्हणजे २१पी-५३४ईझेड, भरायला एक वर्ष मिळते. या पहिल्या अर्जासाठी कोणाही वकिलाला किंवा प्रतिनिधीला शुल्क घ्यायला कायद्याने बंदी आहे. माजी सैनिकांच्या मान्यताप्राप्त संघटना तो विनामूल्य भरून देतात.

अर्जात अडकण्याची जागा बहुधा एकच असते, ती म्हणजे मृत्यूचा दाखला. न्यू जर्सीच्या दाखल्यावर मृत्यूच्या कारणांची साखळी एकाखाली एक लिहिलेली असते आणि खाली ‘अन्य महत्त्वाच्या व्याधी’ असा रकाना असतो. घाईत असलेला डॉक्टर पहिल्या ओळीत ‘हृदयक्रिया बंद’ लिहून मोकळा होतो. कर्करोगाचा उल्लेख या दोन्ही जागांपैकी कुठेही नसेल, तर मामांवर उपचार करणाऱ्या कर्करोगतज्ज्ञाकडून, तो कर्करोग मृत्यूचे मुख्य किंवा सहाय्यक कारण होता असे दोन परिच्छेदांचे पत्र घ्या. हेच पत्र मामेभावाला तडजोडीतल्या एक लाखाच्या वाढीव रकमेसाठीही लागणार आहे.

मामींच्या पार्किन्सनच्या औषधांसाठीही एक छोटी वाट आहे. २०१२ च्या कायद्याने, तळावर राहिलेल्या कुटुंबीयांच्या पंधरा आजारांवरचा खर्च, इतर विम्याने न भरलेला, माजी सैनिक खाते परत करते. त्या यादीत पार्किन्सनचे स्वतंत्र नाव नाही, पण ‘मज्जासंस्था आणि वर्तन यांवरील परिणाम’ असा एक प्रवर्ग आहे, आणि पार्किन्सन त्यात धरावा अशी शिफारस अमेरिकेच्या वैद्यक संस्थेने २०१५ मध्ये केली होती. अर्ज करून पाहावा. मेंदूविकारतज्ज्ञाच्या पत्रात त्या शिफारशीचा उल्लेख असू द्यावा. हाती रक्कम लहानच लागेल.

आणि शेवटी कागदपत्रे. मामांचा सेवामुक्तीचा डीडी-२१४ हा दाखला सापडत नसेल, तर सेंट लुईसच्या राष्ट्रीय कार्मिक अभिलेखागाराकडून मागवता येतो. १९७३ मध्ये तिथे मोठी आग लागली होती, हे कोणी सांगितले तर घाबरू नका. ती भूदल आणि हवाईदलाच्या फायलींना लागली, नौदलाच्या नाही. तळावर राहत असल्याचा पुरावा म्हणून नेमणुकीचे आदेश आणि वसाहतीच्या घरवाटपाच्या नोंदी चालतात, आणि आपण फोटो पाठवलेले मामींचे ते निळे एअरोग्रामही. मार्च १९८० मध्ये नाशिकला आईला लिहिलेल्या त्या पत्रावर तळालगतच्या जॅक्सनव्हिल गावाचा टपाली शिक्का स्पष्ट दिसतो आणि मागच्या घडीवर पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता मामींच्या हातचा आहे. मजकुरातली ‘ह्यांची ड्यूटी रात्रीची असते, येतात ते दमून’ ही ओळ तर रुग्णालयातल्या नेमणुकीलाही दुजोरा देते. घडी जिथे फाटत आली आहे तिथे चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. दोन्ही बाजू स्कॅन करा, इंग्रजी भाषांतर प्रतिज्ञापत्रावर करून घ्या आणि मूळ पत्र मामींच्याच कपाटात राहू द्या.